विश्लेषण : सुनावणीआधीच सरकारला लेखी जाब? काय असतात ‘इंटरॉगेटरीज’?

समजा, अमेरिकेत एका कंत्राटदाराला लष्करी तळावर रस्ता बांधण्याचं काम मिळालं. सरकारी अहवालात जमीन मऊ असल्याचं लिहिलं होतं, प्रत्यक्ष खोदल्यावर कातळ लागला. खर्च वाढला. कंत्राटदार जादा पैसे मागतो, सरकारी अधिकारी नकार देतो. अशा वेळी वाद एका प्रश्नावर येऊन थांबतो: खाली कातळ आहे हे खात्याला आधीच माहीत होतं का? कंत्राटदाराला ते कळणार कसं, कागद तर सगळे खात्याच्याच कपाटात!

इथे कामी येतात ‘इंटरॉगेटरीज’. म्हणजे सुनावणीच्या आधी एका पक्षाने दुसऱ्याला पाठवलेले लेखी प्रश्न. त्यांची उत्तरंही लेखी आणि शपथेवर द्यावी लागतात.

हे प्रकरण चालतं कुठे?

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कंत्राटांसाठी 1978चा ‘कॉन्ट्रॅक्ट डिस्प्यूट्स ॲक्ट’ आहे. कंत्राटदार आधी खात्याच्या कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरकडे दावा करतो. निर्णय पटला नाही तर 90 दिवसांत अपील मंडळाकडे किंवा 12 महिन्यांत ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’मध्ये जाता येतं. लष्करी कंत्राटांसाठी एक अपील मंडळ आहे, तर बहुतेक नागरी खात्यांसाठी 2007पासून दुसरं.

मंडळांचे नियम त्यांचे स्वतःचे आहेत. कोर्टात मात्र आकडे स्पष्ट आहेत: जास्तीत जास्त 25 प्रश्न, उत्तराला 30 दिवस. एका प्रश्नाच्या पोटात पाच वेगळे उपप्रश्न घुसडले, तर तेही मोजले जातात. त्यामुळे वकिलांना प्रश्न जपून वापरावे लागतात.

प्रश्न विचारायचे कसे?

‘तुम्हाला कातळाची माहिती होती का?’ असं विचारलं तर ‘नाही’ एवढंच उत्तर येईल आणि एक प्रश्न वाया जाईल. त्यापेक्षा या जागेवर आधी कधी खोदकाम झालं, ते कुणी केलं, त्याचा अहवाल कुणाकडे गेला, तो आता कुठे आहे, असं विचारणं जास्त उपयोगाचं. उत्तरात नावं आणि तारखा मिळतात. मग ते कागद मागवता येतात, त्या माणसांची साक्ष घेता येते. खरं तर प्रश्नावलीचं निम्मं काम एवढंच असतं: पुढे कुणाला गाठायचं हे कळणं.

उरलेलं निम्मं काम म्हणजे समोरच्याची बाजू पक्की करून घेणं. ‘दावा फेटाळण्यामागे तुमच्याकडे कोणती तथ्यं आहेत, ती सांगा’ असाही प्रश्न विचारता येतो. लेखी उत्तर एक आणि सुनावणीतली साक्ष दुसरी असेल, तर उलटतपासणीत ते उत्तर समोर ठेवलं जातं.

अर्थात पळवाटा आहेतच. प्रश्न संदिग्ध आहे, फार व्यापक आहे, माहिती गोपनीय आहे, अशा हरकती घेतल्या जातात. काही वेळा उत्तराऐवजी ‘हे दस्तऐवज पाहा’ म्हणत गठ्ठा पाठवला जातो. नियमात त्याला जागा आहे, पण उत्तर नेमकं कुठल्या कागदांत आहे ते दाखवावं लागतं. आणि हे हत्यार दुधारी आहे. सरकारही कंत्राटदाराला विचारतं: वाढीव खर्चाचा हिशेब कुणी केला आणि कशावरून? ज्याने आकडा फुगवून सांगितलाय, त्याची पंचाईत इथेच होते.

सरकारला काय माहीत होतं, याला एवढं महत्त्व का?

1963च्या ‘हेलेन कर्टिस’ खटल्यात ते दिसलं. कंपनीला लष्करासाठी जंतुनाशक पावडर बनवायची होती. एक घटक दळावा लागतो हे सरकारला संशोधनातून माहीत होतं. कंपनीला वाटलं, नुसतं मिसळून भागेल. सरकारने ही माहिती सांगायला हवी होती, असं कोर्टाने म्हटलं.

टेंडर दुसऱ्यालाच दिलं, अशी तक्रार असेल तर?

तिथे हा मार्ग सहसा मिळत नाही. अशी तक्रार ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’कडे करता येते. तिथे 100 दिवसांत निकाल द्यायचा असतो. खातं कागदपत्रांसह अहवाल देतं आणि तक्रारदार त्यावर म्हणणं मांडतो. प्रश्नोत्तरांना वेळच नसतो.

भारतात अशी सोय आहे का?

आहे, आणि जुनी आहे. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11मध्ये लेखी प्रश्नांची तरतूद आहे. 2015च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने हा आदेश व्यावसायिक दाव्यांसाठी नव्याने लिहिला, त्यातही ती कायम आहे. फरक असा की इथे आधी न्यायालयाची परवानगी लागते. उत्तर प्रतिज्ञापत्रावर, 10 दिवसांत. टेंडरविरोधातल्या रिट याचिका मात्र हायकोर्टात प्रामुख्याने प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांवरच चालतात.