पाचपैकी पाच

बॅडमिंटन म्हटलं की आपल्याला एकेरीवालेच पटापट आठवतात. पदुकोण, गोपीचंद, सायना, सिंधू, लिन डॅन. सात्विक-चिरागनं हे जरा बदललंय, पण त्याआधीच्या दुहेरीच्या जोड्या विचारल्या की मंडळी छताकडे बघायला लागतात. गंमत म्हणजे चीनचं बॅडमिंटन ज्या माणसानं तब्बल २४ वर्षं चालवलं, तो मुळात दुहेरीचाच खेळाडू. त्याचं नाव ली योंगबो.

१९८०च्या दशकात ली योंगबो आणि तियान बिंगयी ही जोडी जबरदस्त होती. १९८७ आणि १९८९ मध्ये जगज्जेतेपद, १९८७, १९८८ आणि १९९१ मध्ये ऑल इंग्लंड. १९८६, १९८८ आणि १९९० मध्ये थॉमस कप जिंकणाऱ्या चिनी संघातही ते होते. फक्त एक गोष्ट राहिली. १९९२ साली बार्सिलोनात बॅडमिंटन पहिल्यांदाच ऑलिंपिकचा अधिकृत खेळ झाला, तोवर जोडीचा बहर ओसरला होता. त्यांना ब्राँझ मिळालं, सुवर्ण कोरियाच्या पार्क जू-बोंग आणि किम मून-सू यांनी नेलं. त्या ऑलिंपिकमध्ये चीनला बॅडमिंटनचं एकही सुवर्ण मिळालं नाही.

पुढच्याच वर्षी, जेमतेम तिशीत, ली राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. परिस्थिती बरी नव्हती. १९८४ पासून सलग पाच वेळा जिंकलेला उबेर कप १९९४ मध्ये इंडोनेशियानं हिसकावला. पण १९९५ मध्ये चीननं पहिल्यांदा सुदिरमान कप जिंकला आणि गाडी रुळावर आली. १९९६ मध्ये अटलांटात गे फेई आणि गू जुन यांनी महिला दुहेरीत चीनला बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. २००० मध्ये सिडनीत पाचपैकी चार सुवर्णं आली.

हुकलेलं पाचवं कुठलं? पुरुष दुहेरी! म्हणजे लीचा स्वतःचा प्रकार. २००० मध्ये इंडोनेशिया, २००४ मध्ये कोरिया, २००८ मध्ये बीजिंगला घरच्या प्रेक्षकांसमोर अंतिम सामन्यात पुन्हा इंडोनेशिया. बाकी सगळं कपाट भरत होतं आणि नेमका हाच खण रिकामा.

आता थोडं दुहेरीबद्दल. दुहेरीत जोरात स्मॅश मारण्याइतकंच महत्त्वाचं असतं ते शटल सोडणं. तुमच्या रॅकेटच्या टप्प्यात आलेलं शटलसुद्धा जोडीदाराला जास्त चांगलं मारता येणार असेल तर तुम्ही बाजूला व्हायचं. गुण जोडीचा, तुमचा नाही. माझ्या मते लीनं प्रशिक्षक म्हणून हाच नियम अख्ख्या संघाला लावला. अगदी एकेरीवाल्यांनासुद्धा.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीच्या उपांत्य सामन्यात झांग निंग आणि झोउ मी या दोन चिनी खेळाडू समोरासमोर आल्या. झांग जिंकली आणि पुढे सुवर्णही तिनंच मिळवलं. झांगनं पहिला गेम जिंकल्यावर झोउला फार जोर लावू नकोस असं सांगितलं होतं, हे २००८ मध्ये खुद्द लीनंच कबूल केलं. म्हणजे झांग अंतिम सामन्याला ताजीतवानी राहील. सिडनीच्या उपांत्य सामन्यात आपल्यालाही हरायला सांगितलं होतं, असा आरोप ये झाओयिंगनं २०२२ मध्ये एका डॅनिश वाहिनीवर केला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे तर्कशास्त्र ओळखीचं वाटेल. एकूण बेरीज वाढली पाहिजे, मग एखाद्या घटकाचं काहीही होवो. फक्त इथे घटक म्हणजे लहानपणापासून रोज कोर्टवर घाम गाळलेली एक मुलगी असते.

२०१२ मध्ये लंडनला या तर्काला नवीन खाद्य मिळालं. ऑलिंपिक बॅडमिंटनमध्ये पहिल्यांदाच गटवार साखळी सामने ठेवले होते. तियान छिंग आणि झाओ युनलेई ही चिनी जोडी डेन्मार्कच्या जोडीकडून अनपेक्षितपणे हरून गटात दुसरी आली. आता अव्वल मानांकित वांग श्याओली आणि यू यांग आपल्या गटात पहिल्या आल्या असत्या, तर या दोन चिनी जोड्या अंतिम सामन्याआधीच भिडल्या असत्या. मग ३१ जुलैला वेम्बली अरीनात जगानं बघितलं ते असं, की सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये, सर्वात लांब रॅली चार फटक्यांची, प्रेक्षकांची हुर्यो. समोरच्या कोरियन जोडीचंही तेच चाललेलं! दुसऱ्या दिवशी चार जोड्या बाद झाल्या. एक चीनची, दोन कोरियाच्या, एक इंडोनेशियाची. मुख्य प्रशिक्षक म्हणून जबाबदारी आपली, असं म्हणत लीनं जाहीर माफी मागितली.

नियमातली ही फट उघडच होती. नंतर गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांची जागा सोडतीनं ठरवायचा नियम झाला. पण फट दिसली म्हणून तिच्यातून घुसायचंच, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

आणि त्याच आठवड्यात लीचं स्वप्न पुरं झालं. तियान-झाओ महिला दुहेरी जिंकल्या. ५ ऑगस्टला छाय युन आणि फू हायफंग यांनी डेन्मार्कच्या बो-मोगन्सनना २१-१६, २१-१५ असं हरवलं. पुरुष दुहेरीतलं चीनचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, बार्सिलोनानंतर २० वर्षांनी. पाचपैकी पाच! असं याआधी कुठल्याच देशाला जमलं नव्हतं.

२०१६ मध्ये रिओत दोनच सुवर्णं आली, महिला दुहेरीची सलग पाच सुवर्णांची मालिका तुटली आणि २०१७ मध्ये ली पायउतार झाला. त्याला मी निव्वळ खलनायक म्हणणार नाही. स्वतःचं हुकलेलं सुवर्ण दुसऱ्यांकडून जिंकून घ्यायला २० वर्षं चिकाटी लागते.

पण हिशेब करताना वांग श्याओलीलाही धरायला हवं. २०११ मध्ये त्याच वेम्बली अरीनात ती आणि यू यांग जगज्जेत्या झाल्या होत्या, २०१३ मध्ये पुन्हा झाल्या. यू यांगकडे निदान २००८ चं सुवर्ण होतं. वांगला ऑलिंपिकचं एकही पदक कधी मिळालं नाही. दुहेरीत जोडीदारासाठी शटल सोडलं, तर गुण निदान दोघांच्या नावावर लागतो. तिनं सोडलेल्या सामन्याचा गुण तिच्या नावावर कुठेच लागला नाही.