‘फायनल’चा दुसरा भाग : आर-टाइप परत आला म्हणजे काय परत आलं?

आज ज्या गेमबद्दल बोलायचं आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला नसणार. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडायचे जे गेम आले, ते बहुतेक जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला होते. त्यांच्या कॅसेटमध्ये कॉन्ट्रा होता, मारिओ होता. आर-टाइप नव्हता, कारण फॅमिकॉमवर तो कधी निघालाच नाही. एका अर्थी बरंच आहे, लहानपणीच्या आठवणी मध्ये न आणता आपल्याला त्याच्याकडे बघता येईल.

आणि बघायचं ते एवढ्यासाठी : एखादी जुनी मालिका ‘पुन्हा सुरू झाली’ असं आपण सहज म्हणतो. पण परत येतं ते काय? नाव, माणसं, की खेळण्याची रीत? बहुतेक ठिकाणी ही तिन्ही एकाच कंपनीच्या छपराखाली असतात, म्हणून हा प्रश्न पडतच नाही. आर-टाइपमध्ये त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मूळ गेम १९८७ चा. जपानच्या इरेम कंपनीने तो गेम पार्लरच्या यंत्रासाठी केला. पडदा उजवीकडून डावीकडे सरकत राहतो, आपलं छोटं यान गोळ्या चुकवत पुढे जातं. हा साचा तेव्हा नवा नव्हता. कोनामीचा ग्रॅडियस १९८५ मध्येच येऊन गेला होता. इरेमने त्यात एक वस्तू घातली, ‘फोर्स’ नावाचा गोळा. हा गोळा यानाच्या नाकाला लावता येतो, शेपटीला लावता येतो, किंवा सोडून पुढे पाठवता येतो. तो फुटत नाही, आणि शत्रूच्या साध्या गोळ्या अडवतो. म्हणजे काय झालं बघा : ढाल आणि तलवार एकच, आणि ती आत्ता कुठे ठेवायची हे दर क्षणी ठरवायचं. मागून शत्रू येणार हे माहीत असेल तर गोळा आधीच मागे हवा. माहीत नसेल तर मेलात. शिवाय मेलात की पुष्कळदा बरंच मागे, ठरलेल्या टप्प्यावर जायचं, तेही कमावलेली शस्त्रं गमावून. तिसऱ्या टप्प्यात तर अख्खा टप्पा म्हणजे एकच प्रचंड युद्धनौका, तिच्याभोवती फिरत तिचा एकेक भाग पाडायचा. हे पाठांतराचं काम आहे. हात कितीही चपळ असले तरी पहिल्या फेरीत निभाव लागत नाही.

हा कठीणपणा कुठून आला, याचं उत्तर कलेत थोडं आणि गल्ल्यात जास्त सापडतं. पार्लरचं यंत्र नाण्यावर चालतं. जपानमध्ये साधारण शंभर येनचं एक नाणं. खेळणारा तरबेज झाला की एका नाण्यात तो बराच वेळ यंत्र अडवून बसतो, आणि मालक हात चोळत उभा. म्हणून पुढचा गेम आणखी कठीण करायचा. त्याने तरबेज मंडळी खूश होतात, नवखा मात्र एकदा हरून पुन्हा फिरकत नाही. असं करत करत हा प्रकार आपल्याच जाणकारांपुरता उरला. त्यात १९९१ मध्ये स्ट्रीट फायटर टू आला. दोघं समोरासमोर, थोड्या वेळात निकाल, आणि हरलेला पुन्हा नाणं टाकणार. मालकाच्या दृष्टीने यानांच्या गेमपेक्षा हा धंदा किती सोपा होता!

इरेमने १९९४ च्या सुमारास गेम करणं थांबवलं. तिथल्या काही मंडळींनी बाहेर पडून नाझ्का नावाची कंपनी काढली, आणि तिचा मेटल स्लग १९९६ मध्ये आला. तो मात्र आपल्याकडेही संगणकावर भरपूर खेळला गेला. माणसं गेली की हातचं कसब त्यांच्याबरोबर जातं, हे तेव्हाच दिसलं होतं. १९९७ मध्ये इरेमचं गेमचं काम नव्या कंपनीच्या रूपात पुन्हा सुरू झालं. म्हणजे आर-टाइपचं पहिलं पुनरुज्जीवन तेव्हाचंच. १९९८ चा आर-टाइप डेल्टा प्लेस्टेशनवर आला, आणि २००३ मध्ये आर-टाइप फायनल. नावातच शेवट. त्यात १०१ याने होती, एकेक मिळवायचं आणि संग्रहात ठेवायचं. आम्हाला तो गेमपेक्षा संग्रहालय जास्त वाटतो. पण निरोप म्हणून बघितलं तर ते बरोबरच होतं.

पुढे नाव दुसऱ्या हातांतूनही परत आलं. २००९ मध्ये आर-टाइप डायमेन्शन्स निघाला. त्यात पहिले दोन गेम नव्या त्रिमितीय चित्रांत, आणि एका बटणावर जुनी चित्रं परत. त्यात एक ‘अनंत’ प्रकारही होता, कितीही वेळा मरा, मागे जायचं नाही, आहात तिथूनच पुढे. इथे थोडं थांबू. प्रत्येक शत्रू जागच्या जागी आहे, प्रत्येक गोळी तीच आहे. तरीही हा तोच गेम नाही. गोळा आधीच मागे ठेवायची गरज संपली, कारण चुकीची शिक्षाच संपली. मेलं, पुढे सरकलं, मेलं, पुढे सरकलं. कारंजं बघावं तसा गेम बघून होतो. नवख्याची सोय म्हणून याला आमची हरकत नाही, मूळ प्रकारही त्यात शेजारीच ठेवला होता. पण चित्र जपलं म्हणजे खेळ जपला असं नव्हे, याचा एवढा चांगला पुरावा दुसरा सापडणार नाही.

आता २०११. फायनलचे दिग्दर्शक काझुमा कुजो तेव्हा इरेममध्ये भूकंपाच्या संकटातून वाट काढण्याच्या एका मालिकेवर काम करत होते. ११ मार्चला पूर्व जपानमध्ये महाभूकंप आणि त्सुनामी आली. १४ मार्चला इरेमने त्या मालिकेचा चौथा भाग रद्द केला. एप्रिलमध्ये कुजो आणि इरेममधले काही जण यांची नवी कंपनी उभी राहिली, ग्रँझेला. तीही इशिकावा प्रांतातच, म्हणजे इरेमच्याच मुलखात. नाव एकीकडे राहिलं आणि ते नाव घडवणारी माणसं दुसरीकडे गेली.

१ एप्रिल २०१९ ला ग्रँझेलाने आर-टाइप फायनल टू जाहीर केला. लोकांना थट्टा वाटली. त्यात लोकांचा दोष नाही, कारण एक एप्रिलची थट्टा ही इरेमची जुनी खोड होती. मग खुलासा करावा लागला की हे खरं आहे. पैसे चाहत्यांकडून किकस्टार्टरवर गोळा झाले, नाव इरेमच्या परवान्याने वापरलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये गेम आला.

तो कसा आहे? आमच्या मते मधलाच. टप्पे काही ठिकाणी रिकामे वाटतात, १९८७ च्या युद्धनौकेसारखं अंगावर येणारं त्यात थोडंच आहे. पण फोर्स तोच, मागे जाणं तेच, आणि पाठांतरही तेच. सोपेपणासाठी नियम मोडण्याऐवजी त्यांनी पायऱ्या केल्या. सरावाची आणि लहान मुलांची पायरी खाली, आणि वर ‘आर-टाइपर’ नावाची, जाणकारांसाठी. नाणं तर केव्हाच गेलं, पण नाण्यासाठी रचलेली शिक्षा ठेवायची की नाही, यावर हे त्यांचं उत्तर. पुढे जुन्या गेममधले टप्पे नव्याने बांधून वेगळे विकायलाही काढले.

इथे एक व्यवहार लपलेला आहे. १९८७ मध्ये पैसे देणारा अनोळखी होता, त्याला थांबवून नाणं टाकायला लावायचं होतं. २०१९ मध्ये पैसे देणारा गेम बनायच्या आधीच पैसे देऊन बसला होता, आणि त्याला काय हवं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला चकवायची सोय उरली नाही. इरेमला १९८७ मध्ये एक विचित्र गोळा घालून बघता आला, कारण तो कोणी मागितलेला नव्हता. फायनल टूमध्ये तसं न मागितलेलं काही शोधावंच लागतं. २०२३ मध्ये फायनल थ्री इव्हॉल्व्ह्ड आला, तोही याच पायावर.