तळघरातली प्रयोगशाळा

1976 सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत ‘बोस्टन’ नावाच्या एका नव्या रॉक वाद्यवृंदाची त्याच नावाची ध्वनिमुद्रिका बाजारात आली. वेष्टनावर एक फुटणारा ग्रह आणि त्यापासून दूर पळणारी, गिटारच्या आकाराची अंतराळयाने. पुढे एकट्या अमेरिकेत तिच्या 1 कोटी 70 लाख प्रती खपल्याचे प्रमाणपत्र तिला मिळाले. ती बाजारात आली, तेव्हा तिचा कर्ता पोलरॉइड या कॅमेरा कंपनीत यंत्र-अभियंता म्हणून नोकरी करीत होता. त्याचे नाव टॉम शोल्झ.

आम्ही वसतिगृहात राहत होतो तेव्हा कुणाकडे तरी या ध्वनिमुद्रिकेची कॅसेट होती. रॉक संगीताविषयी आमचे मत तेव्हा फारसे चांगले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही ते पुष्कळसे तसेच आहे. पण त्या गिटारींच्या आवाजाने आम्ही चक्रावलो होतो. आवाज खरखरीत होता, तरी त्यात दोन-तीन सूर एकत्र आले की ते अगदी स्वच्छ, वेगवेगळे ऐकू येत. खरखर आणि स्वच्छता एकाच वेळी कशी? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुष्कळ पुढे, प्रयोगशाळेत काम करू लागल्यावर सापडले. ते सांगण्याआधी शोल्झ यांच्याविषयी थोडे सांगतो.

शोल्झ यांचा जन्म 10 मार्च 1947 रोजी ओहायो राज्यातील टोलेडो येथे झाला. वडील घरे बांधण्याच्या व्यवसायात होते. लहानपणी टॉम पाश्चात्त्य अभिजात पद्धतीने पियानो शिकला. खेळणी, यंत्रे उघडून पाहणे हा त्याचा दुसरा छंद. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्र-अभियांत्रिकीची पदवी आणि पाठोपाठ पदव्युत्तर पदवी घेऊन ते पोलरॉइडमध्ये लागले. गिटार त्यांनी बरीच उशिरा हातात घेतली, आणि ती स्वतःच शिकले.

दिवसा नोकरी आणि रात्री वॉटरटाउन गावातल्या घराचे तळघर, असा त्यांचा क्रम बरीच वर्षे चालला. पगारातला मोठा भाग यंत्रसामग्रीवर जाई. तळघर लहान होते, अधूनमधून त्यात पाणीही शिरत असे. तिथे त्यांनी एक बारा-मार्गी टेप-यंत्र बसवले. म्हणजे एकाच रुंद फितीवर शेजारी-शेजारी बारा स्वतंत्र पट्टे, आणि प्रत्येकावर वेगळे वाद्य वेगवेगळ्या वेळी नोंदवता येते. शोल्झ आधी एक गिटार वाजवीत, मग ती ऐकत-ऐकत दुसरी, मग ऑर्गन, मग बास. ढोल वाजवायला मित्र येई, गायला ब्रॅड डेल्प. बाकी सगळा वाद्यवृंद म्हणजे एकच माणूस होता. त्यांनी नमुन्याच्या फिती अनेक कंपन्यांकडे पाठवल्या आणि नकारामागून नकार पचवले.

आता त्या खरखरीकडे वळू. गिटारच्या तारेचे कंपन लोहचुंबक आणि वेटोळ्याच्या साहाय्याने विद्युत-संदेशात रूपांतरित होते आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ते मोठे करतो. पण प्रत्येक ॲम्प्लिफायरला एक कमाल मर्यादा असते. संदेश त्यापेक्षा मोठा झाला की तरंगाचा माथा आणि तळ कापला जातो. गोलाईदार साइन वक्र सपाट डोक्याचा होतो. असा वक्र गणिताने उलगडला, तर त्यात मूळ वारंवारतेखेरीज तिच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारताही सापडतात. 110 हर्ट्झची तार छेडली, तर 330 आणि 550 हर्ट्झही मोठ्याने उमटतात. तरंग पूर्ण चौकोनी झाला, तर तिप्पट वारंवारतेचा आयाम मूळच्या एक तृतीयांश आणि पाचपटीचा एक पंचमांश असतो. शिवाय तारेचे कंपन मंदावत गेले तरी ते मर्यादेच्या वरच राहिले, तर बाहेर येणारा आवाज तेवढाच राहतो. त्यामुळे सूर लांबतो, व्हायोलिनसारखा. अभियंत्याच्या भाषेत हा ॲम्प्लिफायरचा दोष. वादकाच्या भाषेत हाच त्याचा आवाज.

आवाज मुद्दाम असा श्रीमंत करणे आपल्याला परके वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीच्या वळणदार माथ्याला पुन्हा पुन्हा टेकते आणि साध्या नियमाने मिळू नयेत असे स्वयंभू स्वर उमटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये या गोष्टीवर शोधनिबंध लिहिला होता. यंत्रणा वेगळी आहे, पण तारेच्या साध्या कंपनात एक मोजका ‘बिघाड’ घालून स्वर भरदार करायचा, ही कल्पना दोन्हीकडे आहे.

एक सूर असेपर्यंत सगळे ठीक चालते. दोन सूर एकाच कापणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये गेले की मात्र गोंधळ होतो. 220 हर्ट्झला षड्ज मानू. आपला शुद्ध गंधार 275 वर येतो, पण गिटारचे पडदे पियानोप्रमाणे समान अंतरांनी बसवलेले असल्याने तिचा गंधार 277 वर असतो. हे दोन सूर एकत्र कापले गेले, तर कुणी न वाजवलेले नवे सूर तयार होतात. एकाच्या दुपटीतून दुसरा वजा केला की ते मिळतात. 440 मधून 277 गेले, राहिले 163. 554 मधून 220 गेले, राहिले 334. शुद्ध गंधार असता तर हे आकडे 165 आणि 330 आले असते, म्हणजे नेमके मंद्र आणि मध्य पंचम! पण 163 आणि 334 पंचमाच्या शेजारून घसरतात आणि कानाला बोचतात. म्हणूनच रॉकमधले वादक अशा आवाजात बहुधा षड्ज-पंचम ही जोडीच वाजवतात, कारण तिथे ही घसरण फार थोडी असते.

शोल्झ यांच्या तळघरात प्रत्येक सूरावली वेगळी वाजवली जाई, वेगळी कापली जाई आणि वेगळ्या पट्ट्यावर नोंदवली जाई. बेरीज शेवटी. वर्गात हे सांगताना आम्ही वर्गमूळाचे उदाहरण देतो. 9 आणि 16 यांची बेरीज करून वर्गमूळ काढले तर 5 येतात, आधी वर्गमूळे काढून बेरीज केली तर 7. क्रम बदलला की उत्तर बदलते. आधी बेरीज आणि मग कापणी केली तर 163 आणि 334 जन्माला येतात, आधी कापणी आणि मग बेरीज केली तर येत नाहीत. आमच्या कॅसेटमधल्या खरखरीत पण स्वच्छ आवाजाचे रहस्य हेच होते. ही युक्ती शोल्झ यांनीच पहिल्यांदा वापरली असे मात्र नाही. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्वीन वाद्यवृंदातला ब्रायन मे हेच करीत होता, आणि तो मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. (त्याचा सहकारी फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.)

शाळेत हे करून पाहता येते. दोन मोबाइल फोनवर स्वर निर्माण करणारे ॲप घेऊन एकावर 220, दुसऱ्यावर 277 हर्ट्झ लावा आणि दोन्ही बेताच्या आवाजात ऐका. मग दोन्ही सूर एकाच स्वस्त, लहान स्पीकरमधून, तो कुरकुरेपर्यंत आवाज वाढवून ऐका. खाली घुमणारा एक पाहुणा सूर ऐकू येईल. एक सावधगिरी हवी. फार मोठ्या आवाजात आपला कानही असेच पाहुणे सूर तयार करतो, म्हणून पहिला भाग हळू आवाजातच करावा.

अखेर एपिक या कंपनीने करार केला, पण अट घातली की तळघरातले मुद्रण चालणार नाही, सगळे व्यावसायिक स्टुडिओत पुन्हा करा. शोल्झ तयार नव्हते. जो आवाज वर्षानुवर्षे एकेक घटक बदलून मिळवला, तो अनोळखी खोलीत, अनोळखी यंत्रांवर पुन्हा मिळेलच याची खात्री काय? मग निर्माता जॉन बॉयलन आणि त्यांनी मिळून एक सोंग केले. बाकीचे वादक लॉस एंजेलिसला स्टुडिओत गेले, तिथे एक गाणे मुद्रित झाले. कंपनीला वाटले काम ठरल्याप्रमाणे चालले आहे. इकडे शोल्झ त्याच ओल्या तळघरात उरलेले बहुतेक सगळे काम करीत होते. शेवटी मुद्रणाची सामग्री असलेली एक मोटार घरासमोर उभी करून, तळघराच्या खिडकीतून तारा काढून, बारा पट्टे चोवीस-मार्गी फितीवर उतरवले गेले. तळघरात चांगले काम होऊ शकत नाही, हे कंपनीने न ऐकताच ठरवले होते. निबंध वाचण्याआधी संस्थेचे नाव पाहणारे परीक्षक आम्हालाही भेटले आहेत, त्यामुळे ही फसवणूक वाचून आम्हाला फारसे वाईट वाटले नाही.

यशानंतर शोल्झ यांनी नोकरी सोडली, अभियांत्रिकी सोडली नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा तो आवाज हवा तर तो पूर्ण ताकदीने चालवावा लागतो, आणि 100 वॅट घरात कोण सहन करील? त्यांनी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये रोधांची एक पेटी बसवली. बहुतेक ऊर्जा तिथे उष्णता होऊन जाते. 100 वॅटपैकी 1 वॅटच स्पीकरपर्यंत पोचला, तर पातळी 20 डेसिबलने उतरते. कानाला आवाज साधारण चौथाई वाटतो, पण त्याची जात तीच राहते. ‘पॉवर सोक’ नावाने ही पेटी विकायला त्यांनी 1980 मध्ये स्वतःची कंपनी काढली.

1982 मध्ये आला ‘रॉकमन’. पट्ट्याला अडकवायची, बॅटरीवर चालणारी पेटी आणि कानाला लावायचे हेडफोन. इथे अडचण निराळी होती. गिटारचा मोठा स्पीकर सुमारे 5,000 हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकवतच नाही. हेडफोन ते सगळे ऐकवतात, आणि मग तो कापलेला आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणतो. म्हणून स्पीकरचे हे ‘न ऐकवणे’ शोल्झ यांनी गाळण्या वापरून इलेक्ट्रॉनिक मंडलात आणले. आणखी एक भाग मूळ आवाज किंचित उशिरा, किंचित हलता ठेवून परत मिसळे, त्यामुळे एक गिटार अनेक भासे. संगणकाचा यात काही संबंध नव्हता. विहिरीपासून आगीपर्यंत माणसे रांगेने बादल्या देतात, तसा विद्युतभार धारित्रांच्या रांगेतून हातोहात पुढे जाई. डेफ लेपर्ड या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 1987 मधल्या ‘हिस्टेरिया’ ध्वनिमुद्रिकेत गिटारींसाठी रॉकमन वापरला गेला. गंमत अशी की बोस्टनच्या वेष्टनांवर मात्र, आम्ही सिंथेसायझर वापरला नाही, अशी टीप असे.

या पद्धतीची किंमतही होती. दुसरी ध्वनिमुद्रिका 1978 मध्ये आली. ती घाईने काढावी लागली, असे शोल्झ यांचे म्हणणे. तिसरी आली 1986 मध्ये, आठ वर्षांनी. मधल्या काळात कंपनीने करारभंगाचा दावा लावला. कंपनीला वेळापत्रक हवे होते, शोल्झ यांना मनासारखा आवाज. शेवटी न्यायालयात शोल्झ जिंकले. तिसरी ध्वनिमुद्रिका दुसऱ्या कंपनीने काढली आणि ती विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेली. पण तोवर पहिल्या संचातले बहुतेक वादक दूर झाले होते. जो सगळे स्वतःच्या हातात ठेवतो त्याच्याजवळ माणसे टिकणे कठीण, आणि आठ वर्षे वाट पाहणाऱ्या साथीदारांची बाजूही आम्हाला समजते. उरला तो डेल्प यांचा गळा, तेवढा मात्र कोणत्याही मंडलात बसवता येण्याजोगा नव्हता. 2007 मध्ये डेल्प गेले. 2013 मध्ये निघालेल्या बोस्टनच्या ध्वनिमुद्रिकेतही काही गाण्यांत त्यांचाच, आधी नोंदवून ठेवलेला आवाज आहे.

रॉकमनचा व्यवसाय शोल्झ यांनी 1995 मध्ये डनलॉप कंपनीला विकला. जुन्या पेट्या वादक आजही शोधून विकत घेतात. त्यांतली धारित्रे वयाने सुकतात आणि आवाज पडतो. मग कुणी हौशी माणूस झाकण उघडतो, एकेक धारित्र काढून मोजतो, बदलतो आणि पुन्हा गिटार लावून ऐकतो.