भाड्याचें घर आणि दारची बाग

बाग ही मोठी चमत्कारिक वस्तु आहे. घर एकदां बांधून झालें म्हणजे तें उभें राहतें. त्याची डागडुजी पांच-दहा वर्षांनीं केली तरी चालते. बाग मात्र कधींच बांधून होत नाहीं. आठ दिवस पाणी चुकलें कीं ती सुकते आणि पावसाळ्यांत महिनाभर खुरपें चुकलें कीं तिचें रान होतें. घर जेव्हां एकाच्या मालकीचें आणि दुसऱ्याच्या राहण्याचें असतें, तेव्हां या नित्याच्या कष्टाचा धनी कोण आणि त्या कष्टांतून जें उगवतें त्याचा धनी कोण, असे दोन निराळे प्रश्न उभे राहतात. पहिल्याचें उत्तर बहुधा ‘भाडेकरू’ असें येतें, आणि दुसऱ्याचें ‘घरमालक’ असें. या दोन उत्तरांचा मेळ घालण्याची खटपट इंग्लंडांत कित्येक शतकें चालली. तेथील कायदा पुढें हिंदुस्थानांत आला. पण येतांना त्यानें एका ठिकाणीं वाट बदलली. म्हणून ती हकीकत मराठी श्रोत्यांस अगदींच परकी नाहीं.

जमिनीला जें जडलें तें जमिनीचें, हें सूत्र रोमन कायद्यापासून चालत आलेलें आहे. इंग्लंडांतील न्यायाधीशांनीं तें उचललें आणि भाडेकऱ्याच्या माथीं मारलें. १२६७ सालच्या मार्लबरोच्या कायद्यानें मुदतीनें जमीन धारण करणाऱ्यांस तिची नासधूस करण्याची मनाई झाली. पुढें १२७८ सालच्या ग्लॉस्टरच्या कायद्यानें त्या नासधुशीला जबर शिक्षा लाविली : नुकसानीची तिप्पट भरपाई, आणि ज्या भागाची नासधूस झाली तो भाग हातचा जाणें. या नासधुशींत बाग कोठें बसते हें सर एडवर्ड कोक यानें आपल्या १६२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत सांगून ठेविलें आहे. भाडेकऱ्यानें बागेंतील अथवा फळबागेंतील फळझाड तोडलें तर ती नासधूस होय. तेंच झाड बागेच्या कुंपणाबाहेर, त्याच्याच ताब्यांतील दुसऱ्या जमिनींत असेल तर ती नासधूस नव्हे. झाड तेंच, कुऱ्हाड तीच. पण कुंपणाच्या आंत अपराध आणि बाहेर निरपराध! कायद्याच्या दृष्टीनें बागेला जी प्रतिष्ठा होती ती या भेदावरून ध्यानांत येते.

परंतु हा कायदा निषेधाचा होता, विधीचा नव्हता. झाड तोडूं नको असें तो सांगे. झाडाला पाणी घाल असें सांगत नसे. तण माजूं देणाऱ्या आळशी भाडेकऱ्यास तो धरीत नसे, आणि स्वतःच्या पैशानें ताटवे लावणाऱ्या हौशी भाडेकऱ्यास मात्र तो पेंचांत पकडी. याचें उत्तम उदाहरण १८०८ सालचें आहे. एका भाडेकऱ्यानें बाग सोडून जातांना ऐन बहरांतील स्ट्रॉबेरीचे वाफे नांगरून टाकले. हे वाफे त्याला फुकट मिळालेले नव्हते. त्या वेळच्या वहिवाटीप्रमाणें आंत येतांना त्यानें आधींच्या भाडेकऱ्यास त्यांचे पैसे मोजले होते. ‘माझे पैसे, माझे वाफे’ असें त्याच्या मनानें घेतलें असावें. पण लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशानें निकाल दिला तो त्याच्याविरुद्ध. चांगल्या बागाईतीच्या रीतीप्रमाणें जुने वाफे मोडणें निराळें आणि द्वेषानें मोडणें निराळें, असा त्या निकालाचा रोख होता. द्वेषाला कायद्यानें आश्रय देऊं नये हें खरेंच. तथापि आंत येतांना ज्याचे पैसे गेले त्याला बाहेर जातांना ते कोणी द्यावे, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

१८३३ सालचा एंप्सन विरुद्ध सोडेन हा खटला तर याहूनहि बोलका आहे. बॉक्स नांवाचें एक बुटकें, सदाहरित झुडूप इंग्लंडांत वाफ्यांच्या कडेनें लावितात. आपल्याकडे मेंदीची किनार लावितात तसें. भाडेकऱ्यानें स्वतः लाविलेली अशी किनार त्याला घर सोडतांना उपटून नेतां येईल काय ? न्यायालयानें सांगितलें, नाहीं. निराळा करार नसेल तर ती जमिनीचीच झाली. धंदेवाईक माळी असता तर गोष्ट वेगळी होती. कारण रोपवाटिका चालविणाऱ्याचीं रोपें हा त्याचा विक्रीचा माल, आणि तो त्यानें उचलून न्यावा हें न्यायालयांना पूर्वींच मान्य झालेलें होतें. म्हणजे पोटासाठीं लाविलेलें झाड आपलें आणि आवडीसाठीं लाविलेलें झाड परक्याचें, असा हा न्याय ! व्यापारी राष्ट्राला तो शोभला, एवढेंच म्हणावयाचें. पुढें १८९५ सालीं पार्लमेंटानें भाजीपाला व फळें पिकविणाऱ्या धंदेवाईक बागाईतदारांस त्यांनीं लाविलेल्या झाडांची भरपाई देवविली. घराच्या दारांत गुलाब लावणाऱ्या कारकुनाला किंवा मजुराला त्यांतून कांहींच मिळालें नाहीं.

मजुराला मुळांत बागच कोठें होती ? कारखान्यांच्या शहरांतून पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या रांगा, मध्यें एक फरसबंद चौक आणि सर्वांत मिळून एक नळ, अशी त्याची राहणी असे. ती बदलण्याचा उद्योग ज्या दोन कारखानदारांनीं हातीं घेतला त्यांचीं नांवें विल्यम लीव्हर आणि जॉर्ज कॅडबरी. बागेच्या जबाबदारीचा प्रश्न त्या दोघांनीं अगदीं उलट्या रीतींनीं सोडविला, म्हणून त्यांच्या वसाहती जवळ जवळ ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

लीव्हरनें साबणाच्या कारखान्याशेजारीं १८८८ सालीं पोर्ट सनलाइट ही वसाहत वसविण्यास आरंभ केला. घरें देखणीं, सुमारें तीस वास्तुशिल्पज्ञांनीं रेखिलेलीं, त्यांच्यापुढें हिरवळ. ही दर्शनी बाग आरंभीं भाडेकऱ्यांच्याच हातीं होती. पण कोणी तींत कोंबड्या पाळल्या, कोणी कठड्यावर धुणें वाळत घातलें, असें सांगतात. आणि मालकाच्या डोळ्यांना तें सहन झालें नाहीं. मग कंपनीनें सर्व दर्शनी बागा आपल्याकडे घेतल्या. तिचे माळी येत, हिरवळ कापीत, फुलें लावीत. कामगारानें खिडकींतून पाहावें. ज्याला स्वतः कांहीं पिकवावयाचें असेल त्याला घरांच्या मागच्या बाजूस तुकडा मिळे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वसाहत चित्रासारखी दिसे, आणि आज वसाहतीचा विश्वस्तनिधि ती व्यवस्था चालवीत असल्यामुळें अजूनहि दिसते. पण जी बाग आपल्या दारांत असून आपल्याला तींत खुरपें घालतां येत नाहीं, तिला आपली कोण म्हणेल ?

कॅडबरीची वृत्ति निराळी. तो क्वेकर पंथाचा. बर्मिंगहॅममध्यें प्रौढांच्या रविवारच्या वर्गांत तो शिकवी, आणि मजुराला हाताखालीं थोडी माती पाहिजे ही गोष्ट त्याला तेथें उमगली. १८९५ सालीं त्यानें बोर्नव्हिल येथें घरें बांधण्यास प्रारंभ केला. घरानें आपल्या जागेचा चवथ्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापूं नये, असा त्याचा दंडक होता. आरंभीं कांहीं घरें दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें दिलीं. पण घेणाऱ्यांपैकीं कांहींनीं तीं नफ्यानें विकलीं. तेव्हां १९०० सालीं त्यानें ३३० एकर जमीन आणि ३१३ घरें एका विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केलीं. येथील विशेष असा कीं भाडेकरू येण्यापूर्वींच बाग खणून, आंखून तयार असे. मागच्या टोकाला सफरचंद, नासपती अशीं फळझाडें ओळीनें लाविलेलीं असत. त्यांनीं पाठीमागच्या घराचा आडोसाहि होई. सल्ला द्यावयास वसाहतीचे माळी असत. पहिली मशागत मालकाची आणि पुढची भाडेकऱ्याची, असा हा हिशेब होता. ज्यानें जन्मांत कुदळ धरली नाहीं त्याच्या पुढ्यांत दगडमाती टाकून ‘कर बाग’ म्हणण्यापेक्षां ही रीत किती शहाणपणाची ! लीव्हरनें भाडेकऱ्याच्या हातून बाग काढून घेतली. कॅडबरीनें त्याचा हात धरून त्याला बागेंत नेलें.

पहिल्या महायुद्धानंतर घरमालक बदलला. १९१९ च्या कायद्यानें नगरपालिकांनीं सरकारी मदतीनें घरें बांधावीं असें ठरलें. शहरांत एकरीं बारांहून अधिक घरें असूं नयेत, ही शिफारस तत्पूर्वीं १९१८ सालीं झालीच होती. त्यामुळें घराला बाग आपोआप आली. लंडन परगण्याच्या कौन्सिलानें १९२१ ते १९३५ या काळांत एसेक्स परगण्यांत बेकन्ट्री येथें सुमारें २६,००० घरें उठविलीं. पूर्व लंडनच्या दाट वस्तींतून आलेल्या पुष्कळ कुटुंबांना स्वतःच्या बागेचा हा पहिलाच अनुभव होता. दर्शनी बाग नीटनेटकी ठेवणें ही भाडेपट्ट्याचीच अट. उत्तम बागेला बक्षीस आणि गबाळ्या बागेला ताकीद. या ताकिदीचा कांहींना जाच होई. दिवसभर कारखान्यांत राबून आलेल्या माणसाची हिरवळ किती वाढली आहे हें साहेबानें येऊन पाहावें, यांत थोडा शाळेचा वास आहे खरा. पण त्याच नियमामुळें शेजारच्याचें तण आपल्या वाफ्यांत येत नसे, हेंहि विसरतां येत नाहीं. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां नालीदार पत्र्याचे निवारे बागेंत पुरले गेले, त्यांवर माती टाकून लोकांनीं भाजी लाविली, आणि हिरवळीच्या जागीं बटाटे आले.

एवढें होऊनहि करार नसेल तर बाग कोणीं राखावी, याचें स्वच्छ उत्तर तेथील कायद्यानें दिलेंच नाहीं. १९५३ सालीं न्यायाधीश डेनिंग यानें चांगल्या भाडेकऱ्याचीं लहानसहान कर्तव्यें एका निकालांत मोजून दाखविलीं : धुराडें साफ करणें, खिडक्या पुसणें, तुंबलेली मोरी मोकळी करणें. त्या यादींत बागेचें नांव नाहीं. १९६१ सालापासून अल्प मुदतीच्या भाड्यांत घराचा सांगाडा आणि बाह्यांग दुरुस्त ठेवण्याचा भार मालकावर आला. मग दारापर्यंत जाणारी बागेंतील वाट ही बाह्यांगांत मोडते काय ? लिव्हरपूलच्या एका भाडेकऱ्यास त्या वाटेच्या पायऱ्यांवर इजा झाली, तेव्हां १९६९ सालीं न्यायालयानें ‘मोडते’ म्हटलें. मागच्या अंगणाविषयीं १९७५ सालीं ‘मोडत नाहीं’ म्हटलें. आणि २०१६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६९ चा निकालच चुकीचा ठरविला. सत्तेचाळीस वर्षें ती सात-आठ फुटांची वाट मालकाची म्हणून चालत आली होती !

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. येथें इंग्रजी न्यायाधीश आले, पण त्यांना ‘जमिनीला जडलें तें जमिनीचें’ हें सूत्र देशी वहिवाटीला लागू पडेना. दुसऱ्याच्या जागेवर झोपडी बांधावी आणि जातांना वासे, कुडें, कौलें घेऊन जावें, हें येथें सर्वत्र चालत असे. १८६६ सालीं कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें, केवळ जमिनीला जडलें एवढ्यावरून इमारत जमिनीच्या धन्याची होत नाहीं, असें ठरविलें. हेंच तत्त्व १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत उतरलें. मुंबई इलाख्यास तो १८९३ सालच्या आरंभापासून लागू झाला.

त्याच्या १०८ व्या कलमांत दोघांचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. करार अथवा स्थानिक वहिवाट विरुद्ध नसेल तर जागा घेतली तशी चांगली राखणें हें भाडेकऱ्याचें काम. स्वाभाविक झीज तेवढी माफ. इमारती लाकूड त्यानें तोडूं अगर विकूं नये. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें घरालगतची बाग घराचाच भाग मानली, आणि या कलमाचा भंग करणाऱ्यास घर खालीं करावें लागेल असेंहि लिहिलें. २००० सालीं अमलांत आलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यानें तेंच पुढें चालविलें. म्हणजे मालकाच्या सागवानाला हात लावणें घरावर बेतूं शकतें.

पण स्वतः लाविलेलें झाड ? कायद्यानें ‘जमिनीला जडलेली वस्तु’ या शब्दांत मुळें धरलेलीं झाडेंझुडपें स्पष्ट घातलीं आहेत, आणि भाडेकऱ्यानें स्वतः जडविलेली प्रत्येक वस्तु त्याला काढून नेण्याची मुभा दिली आहे. धंदेवाईक माळी कीं हौशी गृहस्थ, हें तो विचारीत नाहीं. एंप्सनच्या खटल्यांतील ती झुडपांची किनार पुण्याच्या एखाद्या बंगल्यांत लाविली असती, तर निराळा करार नसतां ती लावणाऱ्याची ठरली असती. अटी दोनच. जागा घेतली होती त्या स्थितींत परत द्यावी, म्हणजे खड्डा बुजवावा. आणि ताबा असेपर्यंतच झाड काढावें. किल्ली मालकाच्या हातीं दिल्यावर चमेलीची आठवण झाली, तर ती चमेली मालकाची.