एका फाइलमध्ये मावलेलं इंटरनेट

आजची गोष्ट एका साध्या टेक्स्ट फाइलची. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सिस्टीममध्ये 'होस्ट्स' नावाची एक फाइल असते. जेमतेम दोन ओळींची. 127.0.0.1 म्हणजे 'लोकलहोस्ट', म्हणजे हा फोन स्वतःच. बस्स, एवढंच सांगते ती. पण एकेकाळी अशाच एका फाइलमध्ये अख्खं नेटवर्क मावायचं!

1970 च्या दशकातलं अर्पानेट. कोणत्या कॉम्प्युटरचा पत्ता काय, याची यादी जो तो आपापली ठेवायचा, आणि या याद्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. मग कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला, एसआरआय या संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या टीमने एकच अधिकृत यादी सांभाळायला घेतली. नवीन मशीन जोडलं की त्यांना कळवायचं, त्या फाइलमध्ये ओळ घालणार, आणि बाकीचे सगळे ती फाइल उतरवून घेणार. गावात एकच तलाठी आणि एकच वही, तसं.

मशीन वाढली तशी फाइल फुगली, आणि ती उतरवणारेही वाढले. म्हणजे दोन्हीकडून मार. शिवाय एकच नाव दोघांनी घेतलं तर भांडण. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं: वही एकाकडे नको, प्रत्येकाने आपल्या हद्दीची नावं सांभाळावी.

आता गंमत बघा. 1987 मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल ही स्क्रिप्टिंग लँग्वेज आली. तिच्यात 'गेटहोस्टएंट' नावाचं फंक्शन आहे, युनिक्सच्या सी लायब्ररीतून जसंच्या तसं उचललेलं. शेवटचं 'एंट' म्हणजे एंट्री, नोंद. ते लूपमध्ये टाका, प्रत्येक फेरीला होस्ट्स फाइलमधली पुढची नोंद हातात येते: नाव, टोपणनावं, पत्ता. नोंदी संपल्या की रिकामं उत्तर, लूप बंद. नेटवर्कच्या नावांसाठी 'गेटनेटएंट', पोर्टसाठी 'गेटसर्व्हएंट', सगळी एकाच घरातली भावंडं.

वही एकच होती तेव्हा या पद्धतीने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं नेटवर्क वाचता आलं असतं. डीएनएसला तुम्ही एखादं नाव विचारू शकता, पण 'सगळी नावं दाखव' म्हणायची सोय नाही. तशी एक यादी कुठे नाहीच. मला हा सौदा पटतो, तरी थोडी हळहळ वाटतेच. फंक्शन मात्र अजून आहे. आज लिनक्सवर चालवलं, तर ते इमानदारीत तुमच्याच मशीनच्या होस्ट्स फाइलमधल्या चार-दोन ओळी वाचतं आणि थांबतं.