डॉ. पांडुरंग खानखोजे : एका परागंदा वैदर्भीयाची कथा

चौतीस वर्षे मी ह्या नागपूर शहरात मुलांना इतिहास शिकविला. लढाया, तह व सनावळ्या शिकविता शिकविता एक नाव मात्र माझ्या तोंडी क्वचितच आले. कारण ते क्रमिक पुस्तकात नव्हते. एके वर्षी ते वर्गात सहज निघाले, आणि मी थोडीशी हकीगत सांगितली. ती ऐकून मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, मग हे गृहस्थ आपले की तिकडचे?" त्या दिवशी उत्तर मजपाशी तयार नव्हते. आज ते देण्याचा प्रयत्न करणार आहे.

ते नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांचे. त्यांचा जन्म 1884 साली वर्धा येथे झाला. प्राथमिक शिक्षण तेथेच आटोपून ते पुढील अभ्यासासाठी नागपुरास आले. तो काळ लोकमान्यांच्या 'केसरी'चा होता. इंग्रजांचे राज्य अर्ज-विनंत्यांनी जाणार नाही, त्यास शस्त्रविद्याच हवी, अशी ह्या तरुणाची खात्री होऊन चुकली होती. ही विद्या येथे मिळणे शक्य नव्हते. म्हणून 1906 च्या सुमारास, वयाची बाविशीही पुरती उलटली नसता, त्यांनी बोटीचा रस्ता धरिला. प्रथम जपान, व तेथून अमेरिकेचा पश्चिम किनारा. तेथे त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले, व त्याबरोबरच एका लष्करी विद्यालयात कवाईतही शिकून घेतली.

त्या काळी अमेरिकेत हिंदी माणसाची स्थिती काय होती हे आजच्या श्रोत्यांनी समजून घेतले पाहिजे. लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामावर राबणारे बहुतेक हिंदी मजूर पंजाबातून आलेले शीख होते. परंतु तेथील लोक शीख, मुसलमान, मराठा असा भेद जाणत नसत. कातडीचा रंग पाहून सर्वांस सरसकट 'हिंदू' म्हणत. सप्टेंबर 1907 मध्ये बेलिंगहॅम नावाच्या गावी गोऱ्यांच्या जमावाने ह्या मजुरांच्या बिऱ्हाडांवर हल्ला केला, त्यांस झोपेतून ओढून बाहेर काढिले, आणि दोन दिवसांत बहुतेकांस गाव सोडावयास लाविले. पुढे 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात असा निवाडा दिला की, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, सबब तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. पगडी उतरविली, टोपी बदलली, भाषा आत्मसात केली, तरी चेहरा कोठे लपविणार?

ह्या अपमानातूनच गदर चळवळ उभी राहिली. 1913 साली ओरेगॉन व कॅलिफोर्नियात तिची संघटना झाली. लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना, कर्तारसिंग सराभा ह्यांच्या बरोबरीने आमचे खानखोजे तीत होते. ओरेगॉनमधील पोर्टलंड येथे मजुरांना एकत्र आणण्याच्या कामी त्यांनी आरंभापासून अंग मोडून मेहनत केली. 1914 साली पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले, नाव व वेष पालटून तेथील टोळ्यांबरोबर इंग्रजांशी लढले. युद्ध संपले, जर्मनी हरली आणि बेत मोडला. मग बर्लिन, 1921 साली मॉस्को. स्वदेशी परतावे तर इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव चढलेले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी ह्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या त्यांच्या चरित्राचे नावच 'मी कधीही क्षमा मागणार नाही' अशा अर्थाचे आहे. त्या एका वाक्यात तीस वर्षांच्या वनवासाचे कारण आले.

1924 साली खानखोजे मेक्सिकोत पोचले, आणि येथून त्यांच्या चरित्राचे दुसरे पर्व सुरू होते. दहा वर्षांच्या यादवीनंतर त्या देशात जमिनीची वाटणी चालू होती, आणि जमीन मिळालेल्या गरीब शेतकऱ्यास शेती शिकविणारी माणसे हवी होती. राजधानीजवळ चापिंगो येथे एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात राष्ट्रीय शेतकी विद्यालय भरत असे. तेथे खानखोजे अध्यापक झाले. मक्याच्या व गव्हाच्या सुधारित जाती निर्माण करण्याचे प्रयोग त्यांनी केले, आणि शेतकऱ्यांसाठी गावोगावी निःशुल्क शेतकी शाळा काढिल्या. त्यांच्या कार्याची छायाचित्रे तीना मोदोत्ती ह्या सुविख्यात कलावतीने घेतली. दिएगो रिवेरा ह्या थोर चित्रकाराने शिक्षणखात्याच्या भिंतीवर जे 'आमची रोजची भाकर' नामक चित्र काढिले, त्यात मेजाच्या अग्रभागी बसून भाकर मोडणारा पुरुष खानखोज्यांवरूनच रंगविला आहे, असे मानले जाते.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. मेक्सिकोतील गृहिणी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेविते, पाट्यावर वाटते, त्या पिठाची चकती हातावर थापते आणि तव्यावर भाजते. सोबत घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि वाटलेली मिरची. वऱ्हाड-नागपुराकडच्या माणसापुढे हे ताट आले तर त्याच्या मनात काय येईल? खानखोज्यांच्या मनात काय आले हे मी सांगू लागलो तर तो इतिहास होणार नाही. परंतु एक गोष्ट इतिहासास धरून आहे. ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही ती मिरची मूळची आपली नव्हे. तीही मक्याप्रमाणेच अमेरिका खंडातून निघून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आली. आज भिवापूरच्या शेतकऱ्यास ती परदेशी आहे असे सांगितले तर तो हसेल. रोपास जमीन मानवली की ते त्या जमिनीचे होते. माणसाचे तसे होत नाही. त्याची मुळे नव्या जमिनीत धरली तरी जुन्या जमिनीतून ती पुरती सुटत नाहीत.

मेक्सिकोतील सावळ्या लोकांत खानखोज्यांचा चेहरा अमेरिकेतल्याइतका उठून दिसत नसेल. त्यांस तेथे मान होता, काम होते. 1936 साली त्यांनी झान सिंदिक ह्या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. परंतु त्या दूरदेशी, विदेशी मातेच्या पोटी जन्मलेल्या आपल्या कन्येचे नाव त्यांनी सावित्री ठेविले. घराच्या ओढीचा ह्याहून बोलका पुरावा मला तरी सापडत नाही.

1947 साली स्वराज्य आले. 1949 साली मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांस निमंत्रण दिले. आता वनवास संपला असे कोणासही वाटेल. परंतु स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारने त्यांस प्रवेशाचा परवाना प्रथम नाकारला! इंग्रज गेले, पण त्यांची काळी यादी दप्तरात तशीच पडून होती. ज्या स्वातंत्र्यासाठी माणूस देशोधडीस लागला, त्याच स्वातंत्र्याच्या दारावर त्यास अडविण्यात आले. पुढे तो हुकूम फिरला, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पासष्टीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा गृहस्थ जन्मभूमीस आला. 1955 साली ते कायमचे नागपुरास राहावयास आले व जानेवारी 1967 मध्ये येथेच निवर्तले. त्याच सुमारास मेक्सिकोतील गव्हाचे बियाणे जहाजे भरभरून आपल्या देशात येत होते. त्याचे श्रेय खानखोज्यांकडे ओढणे न्याय्य होणार नाही; ते काम इतरांचे. तथापि मेक्सिकोच्या गव्हात ज्याने उमेदीची वर्षे घालविली तो मनुष्य त्या वेळी ह्याच शहरात राहत होता, हे किती नागपूरकरांस ठाऊक होते? 2022 साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. तेथील लोक त्यांस विसरले नाहीत.

श्रोतेहो, गेल्या दिवाळीस माझा भाचा अकरा वर्षांनी परदेशातून घरी आला. अंगणात रांगोळी पाहत उभा असता शेजारच्या बाईंनी सहज विचारले, "पाहुणे किती दिवस आहेत?" त्यांच्या मनात काही नव्हते. परंतु माझ्या भाच्याचा चेहरा मी पाहिला. तिकडे तो रंगामुळे परका, इकडे काळामुळे परका. असा एखादा मुलगा आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तिकडच्या लोकांनी त्यास कसे वागवावे हे आपल्या हाती नाही. तो परत आला असता त्याचे घर अजून त्याचेच आहे, हे त्यास कळावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

त्या मागच्या बाकावरील मुलास मी आज एवढेच सांगेन : बाळ, खानखोजे तिकडचे झाले ते तिकडच्या लोकांनी त्यांस आपले म्हटले म्हणून. आपले ते जन्मानेच होते. पण आपले म्हणावयाचे काम आपल्याकडून राहून गेले. ते अद्यापि करता येईल.