जालन्याच्या रस्त्यांवरचे टेप आणि पडदे

मोटारीतला रेडिओ अमेरिकेत 1930 च्या सुमारास बाजारात आला. गॅल्व्हिन कंपनीने ‘मोटोरोला’ हे नाव त्याच वर्षी आपल्या कार रेडिओला दिले. जालन्यात तेव्हा निजामाचा अंमल होता. पुढेही बरीच वर्षे मोटार ही मोजक्या पेढीवाल्यांची चैन राहिली, आणि रेडिओ बाळगायचा तर टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. ही पद्धत 1980 च्या दशकात संपली.

1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेली छोटी कॅसेट भारतात स्वस्त झाली तीही याच दशकात. रि-रोलिंग मिलमधल्या सळया आणि बियाण्यांची पोती घेऊन रातोरात निघणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये टेप वाजू लागला, तो करमणुकीपेक्षा झोप उडवण्यासाठी. आवाजाची खुंटी, कॅसेट बाहेर काढण्याचे ठसठशीत बटण, सगळे अंधारातही हाताला सापडे. कॅसेट बदलायची तर क्लीनर शेजारी असेच. टेप अगदी निरुपद्रवी होता असे नाही. आवाज चढवला की मागच्या गाडीचा हॉर्न त्यात बुडून जाई. तरी चालकाचे डोळे रस्त्यावर राहत, आणि फरक पडतो तो इथेच.

खासगी ट्रॅव्हल्सच्या ‘व्हिडिओ कोच’मध्येही पडद्याचे तोंड प्रवाशांकडे असे; चालकाच्या वाट्याला नुसते संवाद येत. पडदा त्याच्या नजरेसमोर आला तो स्मार्टफोन आणि टचस्क्रीन स्टीरिओमुळे. सपाट काचेवर बोटाला काही लागत नाही, म्हणून साधे गाणे बदलायलाही खाली पाहावे लागते.

रस्ताही दरम्यान बदलला. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. तिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे 33 मीटर. गाडीतली उपकरणे वापरताना चालकाची नजर एका वेळी 2 सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटू नये, असे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2013 मध्ये सुचवले. समृद्धीवर तेवढ्यात गाडी 66 मीटर पुढे गेलेली असते. शिवाय सरळ, मोकळा रस्ता चालकाला कंटाळा आणतो, आणि कंटाळलेला हात पडद्याकडेच वळतो.

पडदे आल्यावर कायदाही बदलला. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातातले संपर्क साधन वापरणे धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत घातले. ऑक्टोबर 2020 पासून असे साधन फक्त मार्ग पाहण्यापुरते, तेही लक्ष विचलित न होता, वापरण्याची सवलत मिळाली. तरीही मार्च 2025 मध्ये एसटीच्या ई-शिवनेरी बसचा एक चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेट सामना पाहत असल्याचे प्रवाशाच्या चित्रफितीतून उघड झाले. चालक बडतर्फ झाला आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला 5,000 रुपये दंड झाला.